एक शेत, अनेक याद्या

हळ्ळीखेड (बी) हे नाव तोंडाने उच्चारले, तर त्यातील कंस ऐकू येत नाही. तो कागदावरच दिसतो. बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील या मोठ्या गावाच्या नावापुढे ‘बी’ हे अक्षर कोणी व कशासाठी लावले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. हळ्ळीखेड नावाचे दुसरेही एक गाव याच भागात आहे आणि त्याच्यापुढे ‘के’ लिहितात. ‘बी’ म्हणजे बुजुर्ग, आपल्या मराठी तोंडी रुळलेले बुद्रुक. ‘के’ म्हणजे खुर्द. एक थोरले, दुसरे धाकटे. गावात राहणाऱ्या माणसाला आपले गाव शेजारच्या गावापासून निराळे ओळखण्यासाठी कंसाची गरज पडत नाही. ती पडते दूरच्या कचेरीत गावांची यादी लिहीत बसलेल्या कारकुनाला. एकाच नावाच्या दोन ओळी एकाखाली एक आल्या, तर एका गावचा वसूल दुसऱ्याच्या नावे पडावयाचा, ही त्याची धास्ती. हळ्ळी हा कानडीत गावाचा शब्द, खेड हा मराठीत गावाचा शब्द. त्यांच्याशेजारी एका फारसी शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर दफ्तराने आणून बसविले. सीमेवरच्या गावाचे चरित्र एवढ्याशा नावात सामावले आहे.

आपल्या शालेय इतिहासात लढाया असतात, तह असतात, राजांच्या वंशावळी असतात. याद्या नसतात. वास्तविक लढाईला निघालेल्या फौजेचा दाणागोटा यादीवरूनच बाहेर पडत असे. यादी हा शब्द मुळात ‘याद’ म्हणजे आठवण या अर्थाचा. एका माणसाच्या आठवणीत जे मावत नाही, ते कागदावर उतरवून ठेवावयाचे, हे तिचे पहिले काम. परंतु आजचा विषय तिच्या दुसऱ्या कामाचा आहे. एकच मजकूर निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या तऱ्हेने मांडावा लागतो. काम बदलले की यादीचा क्रम बदलतो, तिचे रकाने बदलतात. काही रकाने वाढतात, काही गळतात. कोणता रकाना ठेवावयाचा व कोणता गाळावयाचा, यावर माणसांचे हक्क ठरले आहेत.

आजच्या तरुणांना हा प्रश्न संगणकामुळे परिचयाचा झाला आहे. पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात आपली मुले ज्या कचेऱ्यांतून काम करतात, तेथे कामाची वाटणी संगणकावरील याद्यांनी होते. अॅटलासियन या ऑस्ट्रेलियातील कंपनीने २००२ साली काढलेली ‘जिरा’ ही अशीच एक प्रणाली आहे. (फोडणीच्या जिऱ्याशी तिचा संबंध नाही, चित्रपटांतील गॉडझिला या अक्राळविक्राळ प्राण्याचे जपानी नाव गोजिरा, त्याचे हे शेपूट.) आरंभी तिच्यात केवळ दोष नोंदविले जात: अमुक ठिकाणी यंत्र अडते, ते दुरुस्त करा. त्यासाठी दोष किती गंभीर, तो कोणी पाहिला, तो कोणाकडे सोपविला, एवढे रकाने पुरत. पुढे त्याच यादीत नव्या कामाच्या कल्पना आल्या, ग्राहकांच्या विनंत्या आल्या, रोजची किरकोळ कामे आली. नव्या कल्पनेला ‘गंभीरपणा’चा रकाना काय करावयाचा? तो रिकामा राहतो आणि पाहणाऱ्याची नजर अडवितो. म्हणून प्रत्येक जातीच्या कामाला स्वतःचे रकाने, स्वतःचा क्रम आणि स्वतःची गाळणी लावण्याची सोय करावी लागली. पोटातला मजकूर एकच, परंतु दुरुस्ती करणाऱ्याला एक यादी दिसते, हिशेब पाहणाऱ्याला दुसरी व वरिष्ठाला तिसरी.

हे सारे नवे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या कुळकर्ण्याचे दफ्तर पाहिलेले नसते.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यात गावच्या कुळकर्ण्याने ठेवावयाच्या कागदांची हकीकत आहे. गावच्या सर्व जमिनीची मोजणी व वर्णन, हा पहिला कागद. शेतवार पुस्तक, हा दुसरा. त्यात प्रत्येक शेताचे नाव, आकार, प्रत, कसणाऱ्याचे नाव, कराराच्या अटी, सारा आणि त्या शेताने पूर्वी दिलेला जास्तीत जास्त सारासुद्धा. तिसऱ्यात गावातील सर्व रहिवाशांची नावे, मग ते शेती करोत वा न करोत, आणि प्रत्येकाचे देणे, आलेली रक्कम व बाकी. चौथ्यात हप्त्यांनी आलेल्या वसुलाचा गोषवारा; पाचव्यात उत्पन्नाची प्रत्येक बाब निरनिराळ्या सदराखाली. गाव एकच, माणसे तीच, पैसाही तोच; परंतु पुस्तके पाच.

यांतील दुसऱ्या व तिसऱ्या पुस्तकाचे नाते विशेष लक्ष देण्यासारखे आहे. आपल्या जुन्या भाषेत थळवार व कुळवार असे दोन शब्द आहेत. थळ म्हणजे जमिनीचे ठिकाण. थळाथळाने केलेली नोंद म्हणजे थळझाडा. कूळ म्हणजे कसणारा, देणे लागणारा माणूस. त्याच्या क्रमाने केलेली नोंद ती कुळवार. पीक पाहावयास निघालेला माणूस शिवारातून चालत जातो; त्याच्या हातात थळवार यादी हवी, कारण एका बांधानंतर दुसरा बांध येतो. वसुलाला निघालेला माणूस घराघराने जातो. त्याला कुळवार यादी हवी, कारण एकाच कुळाचे एक शेत ओढ्याला, दुसरे माळाला आणि तिसऱ्यात भावाबरोबर निम्मी वाटणी असते. थळवार यादी घेऊन जो वसुलाला जाईल, तो एकाच उंबऱ्यावर तीन वेळा उभा राहील व तिन्ही वेळा निरनिराळी उत्तरे ऐकेल. कुळवार यादी घेऊन जो शिवारात जाईल, तो दिवसभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत राहील.

आता समजा, गावातील एक शेत तिघा भावांचे आहे. थळवार पुस्तकात त्याची एक ओळ. कुळवार पुस्तकात ते तीन ठिकाणी, तिघांच्या नावांखाली, तिसऱ्या हिश्शाने. दोन्ही पुस्तकांची बेरीज शेवटी एकच आली पाहिजे. न आली तर शेत दडविले गेले आहे, नाही तर कूळ. दोन याद्यांचा खरा उपयोग येथे आहे: एक यादी दुसरीवर पहारा करते. आणि त्यामुळेच कुळकर्ण्याचे महत्त्वही फार वाढले. एक यादी फिरवून तिच्यातून दुसरी काढणे हे मेहनतीचे व कौशल्याचे काम. मजकूर मोडीत, अक्षर वळणदार व जोडलेले. गावात ते वाचणारे मोजके. कोणाच्या नावाची ओळ कोठून कोठे गेली, हे एका घराण्याला ठाऊक असे, व ते घराणे ती विद्या वंशपरंपरेने जपून ठेवी. पाटलाचा मान मोठा खरा, परंतु पाटीलही बाकी किती हे कुळकर्ण्यालाच विचारी.

गावातील ही मांडणी वर चढत पुण्यापर्यंत जात असे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून होते असे सांगतात. त्यांच्या हुद्द्यांची नावे पाहा: चिटणीस, पोतनीस, सबनीस, जमेनीस, वाकनीस. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्याचे ‘नीस’ झाले. प्रत्येक जण आपापल्या जातीच्या कामाचे लेखन करणारा. या सर्वांत ज्याचे नाव इतिहासात सर्वांत मोठे झाले, तो फडणीस. हा शब्द ‘फर्दनवीस’ यापासून आला, आणि फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा ताव, यादी. १७४२ साली जन्मलेले व १८०० साली निवर्तलेले नाना, ज्यांनी पाव शतक मराठी राज्याचे सूत्र हलविले, ते अधिकाराने यादीनवीस होते. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. राज्यात कोठे किती शिल्लक आहे हे ज्याला बसल्या जागी समजते, त्याच्या हाती सत्ता आपोआप जाते.

हुजूर दफ्तराचे दोन मुख्य भाग होते. चालते दफ्तर रोजच्या कारभाराचे. त्यात फडातून सनदा व हुकूम सुटत, बेहेड्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांचे अंदाजपत्रक असे, सरंजामाकडे सरदारांच्या नेमणुकांचे कागद. दुसरे एकबेरीज दफ्तर. सर्व खात्यांचे हिशेब तेथे येऊन पडत व त्यांची नव्याने वर्गवारी होई. वर्षाच्या जमा, खर्च व शिल्लक यांचा एकत्र गोषवारा म्हणजे तर्जुमा. बाबवार लावलेले हिशेब म्हणजे खतावणी. रोजकीर्दीत जे दिवसाच्या क्रमाने येते, तेच खतावणीत खात्याच्या क्रमाने येते, हे आजही प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. हे एकबेरीज दफ्तर पेशव्याबरोबर स्वारीला न जाता पुण्यातच राही. युद्धाची रोजची घाई आणि वर्षाचा शांत हिशेब ही दोन कामे एकाच बैठकीत होत नाहीत, हे त्या लोकांना उमगले होते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मात्र ही शिस्त ढासळली. राज्य जाण्यापूर्वी काही काळ राज्याच्या याद्या गेल्या होत्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

ते दफ्तर रुमालांत बांधलेल्या स्थितीत पुण्याच्या अभिलेखागारात आजही आहे. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. अफाट काम. परंतु निवड ही देखील एक यादीच होय. त्या खंडांत राजकारण व मोहिमा यांचे प्रमाण भरघोस आहे. गावोगावचे हिशेब, जकाती, शेतसारे, बाजारभाव यांचा बहुतेक साठा रुमालांतच राहिला, आणि ज्यांना सामान्य माणसाचा इतिहास लिहावयाचा होता, त्यांना पुढे ते रुमाल नव्याने सोडावे लागले.

आमच्या चर्चच्या नोंदवह्यांचा येथे उल्लेख करावासा वाटतो, कारण त्याही पाच आहेत. विवाहाची वही ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घालून दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मग्रामाला पाच पुस्तके सांगितली: बाप्तिस्म्याचे, दृढीकरणाचे, विवाहाचे, मृतांचे आणि पाचवे घरवार मोजणीचे, ज्यात प्रत्येक उंबऱ्याआड कोण कोण राहतो हे लिहावयाचे. एकच माणूस या पुस्तकांतून हिंडत असतो. त्यांचा परस्परांशी मेळ कसा राहावा? १९०७ साली रोमहून निघालेल्या आज्ञापत्राने असे ठरविले, की विवाह कोठेही लागला तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या गावी पाठवून तेथील मूळ ओळीच्या समासात तो टिपावा. जन्माच्या ओळीजवळचा तो बारीक अक्षरातला समास म्हणजे दोन याद्यांमधला पूल. कुळकर्ण्याने दोन बेरजा जुळवून जे साधले, ते पाद्रीबाबांनी समासाने साधले.

आता पुन्हा बीदरकडे वळू. या भागात जमिनीची नोंद ही कल्पना इंग्रजांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान, ज्याने १४७२ साली बांधविलेली विद्यापीठाची इमारत बीदरला आज भग्न अवस्थेतही प्रवाशाला थांबविते, त्याने राज्याच्या चार तरफांचे आठ भाग केले व महसूल ठरविण्याआधी जमीन मोजविण्यास, गावांच्या सीमा निश्चित करण्यास आरंभ केला. मोजणी म्हणजे ज्यांची जमीन मोजली जाते त्या बड्यांचा रोष. १४८१ साली त्याला मृत्युदंड झाला, तोही एका कागदामुळे. त्याच्या शत्रूंनी त्याचा शिक्का एका कोऱ्या कागदावर उठवून घेतला व वर राजद्रोहाचा मजकूर लिहिला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो.

पुढे निजामी अमलात पहिले सालारजंग १८५३ पासून तीस वर्षे दिवाण होते. जिल्हाबंदी त्यांनी केली आणि शेजारच्या मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाशही सुरू केली. त्या मुंबई पद्धतीचा उगम १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या कामात आहे. अशा रीतीने पुणे जिल्ह्यात ठरलेले रकाने निजामाच्या राज्यात उर्दू अक्षरांत लिहिले जाऊ लागले. वर्ष मात्र फसली. फसल म्हणजे पीक, तेव्हा तेही शेतीचेच. गावात कुळकर्ण्याला पटवारी म्हणू लागले आणि दरवर्षी शिवार हिंडून तो जो तक्ता भरी, त्याचे नाव पहाणीपत्रक. हळ्ळीखेडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘पहाणी’ हा शब्द आजही आहे. कर्नाटक सरकारच्या इंग्रजी कागदावर हक्क, कुळवहिवाट व पिके यांचे लांबलचक नाव असते; शेतकरी मात्र तालुक्याला ‘पहाणी आणायला’ जातो. पाहणे या क्रियापदावरून कागदाचे नाव पडले. कोणी तरी प्रत्यक्ष जाऊन पाहिले आहे, हा त्यातला विश्वास.

मुंबई इलाख्यात या याद्यांची संख्या वाढत गेली. शेवटी अँडरसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने महसुली हिशेबांची नियमपुस्तिका तयार करून गावच्या सर्व कागदांना क्रमांक दिले. एक ते एकवीस असे हे गाव नमुने महाराष्ट्रात आजही चालतात. पहिला आकारबंद, सहावा फेरफार, अकरावा पिकांचा गोषवारा, तेरावा माणसे व गुरे यांचा, अठरावा आवक-जावक, विसावा तर टपालाच्या तिकिटांचा. टपालाच्या तिकिटांना स्वतंत्र नमुना असावा, हे वाचून हसू येते. परंतु चार आण्यांचा हिशेब चुकला म्हणून ज्या तलाठ्याची चौकशी झाली असेल, तो हसणार नाही.

यांतील सातवा व बारावा हे दोन नमुने मुळात निरनिराळ्या कामांचे. सातव्यात जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचा बोजा. बाराव्यात तिच्यात यंदा काय पिकले. पहिली गोष्ट पिढ्यानुपिढ्या टिकणारी, दुसरी हंगामाला बदलणारी. सोयीसाठी हे दोन एकाच तावावर आले आणि ‘सातबारा’ हा नवा शब्द जन्माला आला. जुन्या थळवार पुस्तकाचा हा वारस. कुळवार पुस्तकाचा वारस आठ-अ, ज्यात एका खातेदाराच्या साऱ्या जमिनी एकत्र येतात. आणि सहावा नमुना म्हणजे घडलेल्या बदलांची तारीखवार रोजकीर्द. थळवार, कुळवार, तारीखवार या तीन क्रमांवर सारा डोलारा उभा आहे.

मात्र सरकारला सारा कोणाकडून घ्यावयाचा, या एका प्रश्नासाठी आरंभी हे रकाने पडले होते. जमीन खरोखर कोण कसतो, हा निराळा प्रश्न आहे. सारा भरणाऱ्याचे नाव पुरत असेल तेव्हा कसणाऱ्याचे नाव लिहिण्याची कोणाला गरज भासत नाही. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले आणि १९५० साली तेथे कूळकायदा झाला. ठराविक वर्षे जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ असा दर्जा मिळाला, त्यांच्या याद्या करावयाचे ठरले. १९५४-५५ साली खासरा पाहणी झाली. तेव्हा प्रथमच कित्येक माणसांचे नाव सरकारी कागदाच्या एखाद्या रकान्यात आले. ज्या पटवाऱ्याच्या हाती लेखणी होती, त्याचे जाणे-येणे बहुधा जमीनमालकाच्या वाड्यावर. अशा वेळी कसणाऱ्याच्या रकान्यात ‘खुद्द’ हा एक शब्द पडला की मालकच कसतो असे ठरे, आणि शेतात वाकलेला माणूस कागदावरून नाहीसा होई.

हे केवळ कल्पनेने बोलत नाही. कर्नाटकाच्या पहाणीत नवव्या रकान्यात जमीनधारकाचे नाव असते आणि बाराव्या रकान्याच्या एका पोटभागात प्रत्यक्ष कसणाऱ्याचे. १ मार्च १९७४ पासून तेथे सुधारलेला भूसुधारणा कायदा लागू झाला. कुळाकडे असलेली जमीन सरकारात जमा झाली व कुळाने भोगवट्याचा हक्क मागून भूमिन्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा होता. त्या अर्जाचा नमुनाही सातवाच. (सीमेपलीकडच्या पाहुण्यांशी बोलताना ‘सात नंबर’ म्हणजे नेमके काय, यावर घोटाळा होतो तो यामुळे.) अर्ज आल्यावर न्यायाधिकरण पहिली गोष्ट पाही ती मागील वर्षांच्या पहाणीचा बारावा रकाना. कायद्याने त्या नोंदीला विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावयाचे असते. नऊ व बारा या दोन रकान्यांत एकच नाव आहे की दोन निराळी आहेत, यावर उभ्या आयुष्याची मेहनत आपली होणार की नाही हे ठरले. या एका पोटरकान्यावरून झालेले खटले वरिष्ठ न्यायालयांपर्यंत गेले आणि दुसऱ्या पिढीपर्यंत चालले.

स्त्रियांच्या बाबतीत तर रकाना असूनही तो त्यांच्यासाठी नव्हता. शेतीतली निम्म्याहून अधिक कामे जिच्या हातची, तिचे नाव सातबाऱ्यावर यावयाचे ते बहुधा नवरा गेल्यावर, वारस म्हणून. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला. गावातील पुरुषांनी स्वखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावयाचा, ही त्याची साधी कल्पना. पुढे १९९२ साली महाराष्ट्र सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. नवा तक्ता छापावा लागला नाही, नवा रकाना पाडावा लागला नाही. असलेल्या रकान्यात आणखी एक नाव लिहावयाचे होते. तरीही किती नावे लिहिली गेली, याचे उत्तर आपापल्या घरचा आठ-अ काढून प्रत्येकाने पाहावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, नारायणखेड व जहिराबाद आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. सोयरीक तशीच राहिली. दफ्तर मात्र निरनिराळ्या मार्गांनी गेले. इकडे पुढील नोंदी कानडीत होऊ लागल्या, तिकडे मराठीत. मागचे कागद उर्दू वा मोडीत. वाटणीचा दावा लागला की आधी तो कागद वाचणारा म्हातारा शोधावा लागे, मग वकील.

इसवी सन २००० च्या सुमारास कर्नाटकाने ‘भूमी’ या नावाने सर्व पहाण्या संगणकावर घेतल्या. १७७ तालुके, सुमारे दोन कोटी उतारे, सदुसष्ट लाख खातेदार. तोवर ही सारी माहिती सुमारे नऊ हजार ग्रामलेखापालांच्या कपाटांत होती. थळवार यादी फिरवून कुळवार करण्याचे जे कसब एका घराण्याजवळ होते, ते आता यंत्र एका क्षणात करते. तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपये भरले की उतारा हाती येऊ लागला. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु संगणकात भरलेला मजकूर मात्र जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवरूनच उतरविलेला होता. ज्या ओळीत कसणाऱ्याचे नाव १९६० साली पडले नाही, ती ओळ स्वच्छ छापील अक्षरांत, पुन्हा नावावाचून, बाहेर आली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावी असे ठरले. बाराव्या नमुन्याची लेखणी तलाठ्याच्या हातून प्रथमच शेतकऱ्याच्या हाती आली. सातव्याची अर्थातच आली नाही.

गाव नमुना बाराच्या अगदी शेवटी ‘शेरा’ हा रकाना असतो. जे कोठेच बसत नाही ते तेथे लिहावयाचे: बांधावरची आंब्याची चार झाडे, अर्धवट खणलेली विहीर, पडीक राहिलेला तुकडा. सामान्य दिवसांत तो रकाना कोणी वाचीत नाही. परंतु भालकी तालुक्यात कारंजा नदीवर धरण झाले, तेव्हा अनेकांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि मोबदल्याचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालले. अशा वादात जमीन कोरडवाहू की बागायत, विहीर होती की नव्हती, झाडे किती, हे सारे जुन्या उताऱ्यावरूनच सिद्ध करावे लागते. शेत पाण्याखाली असते. ते जाऊन पाहता येत नाही. ज्याच्या ओळीत विहिरीची नोंद पटवाऱ्याने केली होती, त्याला विहिरीचे पैसे मागता येतात. ज्याच्या ओळीत नव्हती, तो धरणाच्या काठावर उभा राहून आपली विहीर कोठे होती हे बोटाने दाखवितो.